मालकांच्या नावाचं मूळ

श्रावण व. २, शके १८७०. कनेरगाव
नणंद गंगूताई माहेरी आल्या. पाचवा महिना. आधीची दोन पोटातच गेली. वैद्यांचा निरोप : मुळीचा काढा, दुधातून, रोज. मूळ कोणतं ते इथेही लिहीत नाही, ह्यांचं नाव आहे त्यात. हे हद्दीपलीकडे, वाशीमला. कित्येक दिवसांत खबर नाही. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. खोटं असेल. पण असे धरपकडीचे, लुटालुटीचे दिवस, आणि काही झालं तर?

व. ४
डोंगरातून मुळ्या आणते ती कोंडाबाई आली. म्हटलं, "आमच्या मालकांच्या नावाचं मूळ आण."
"नाव घ्यायला लाजता व्हय, सूनबाई? आणते बराबर."

व. ६
मी नदीवर धुणं धूत होते तेव्हा मूळ आलं. आत्याबाईंनी (सासूबाईंना मी तसंच म्हणते) काढा करून गंगूताईंना पाजलासुद्धा. घरी येऊन मी उरलेला तुकडा मोडून हुंगला. बाबांनी माहेरी अक्षरांबरोबर मुळ्याही शिकवल्या : मोडल्यावर गोड वास हवा. हा उग्र, कापरासारखा.

कोंडाबाईला बोलावलं.
"मालकाच्या नावाचं म्हणलात न्हाई? थोरल्या मालकाच्या. ईश्वरी आणली."
मालक म्हणजे तिला माझे थोरले दीर, ईश्वरभाऊजी. घर त्यांचं.
ईश्वरी. पोटुशीला कधीच नाही, गर्भ पडतो, असं बाबांनी बजावलेलं.
"मग कोणाच्या नावाचं? बोला की!"
आत्याबाई दारात. भाऊजी ओसरीवर. मीच बोलले. मोठ्यानं. अनंतमूळ.
कोंडाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय! उपळसरी म्हणायचं की! काहून न्हाई म्हणलात?"
हे दुसरं नाव मला ठाऊकच नव्हतं.

व. ७
रात्रभर गंगूताईंच्या ओटीपोटात कळा. रक्त नाही. वैद्य म्हणाले, निजवून ठेवा, वाट बघा. आत्याबाई मला एक शब्द बोलत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. वाशीमकडून आज एक गाडी आली. ह्यांच्याविषयी विचारायचं धाडस झालं नाही. ते नाव सारखं ओठाशी येतंय.

व. ८, गोकुळाष्टमी
कृष्णाचा पाळणा बांधू का, विचारलं. आत्याबाई, "नको यंदा." गंगूताई आतून म्हणाल्या, "बांध, वहिनी."
बांधला. कळा थांबल्यात. बरं की वाईट, वैद्यही सांगेनात.
दुपारी गंगूताईंनी माझा हात पोटावर नेऊन ठेवला. "हाललं का गं?"
तळव्याखाली काहीतरी उचललं. त्यांचा श्वासच असेल. तरी हात काढला नाही.