पेरिहानबाईंकडून परत आलेली ताटली

इस्तंबूल, रविवार

नुरहानताई,

आधी तुझ्या आणि आईच्या हातांवर ओठ टेकवते.

गावाहून पाठवलेलं पोतं पोचलं. बटाट्यांना अजून आपल्या तळघराचा वास आहे. मी मजेत आहे, जेवते वेळेवर.

आज सुट्टी होती. एका बटाट्यासाठी ओव्हन लावायचं जिवावर आलं, म्हणून चांगले दांडगे दोन भाजले. मधोमध चिरले, आतला गर लोणी आणि चीज घालून तार सुटेपर्यंत घोटला. वर मका, ऑलिव्ह आणि लोणच्यातली काकडी. दही मात्र इथलं पाणचट मेलं.

दुसरा बटाटा आपल्या निळ्या काठाच्या ताटलीतून समोरच्या पेरिहानबाईंना नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "अगं, आज काय विशेष?"

"काही नाही हो. वास तुमच्या घरात गेला असेल, मग एकटीने कसं खायचं?"

त्या हसल्या आणि दार लावून घेतलं.

ताटली द्यायला येतील म्हणून मी चहा टाकला, दोन पेले मांडले. आपल्याकडे शेजारणीची ताटली रिकामी परत जाते का कधी? निदान मूठभर अक्रोड तरी घालतात.

संध्याकाळी दार उघडलं, तर ताटली पिशवीत घालून कडीला अडकवलेली होती. लख्ख घासलेली, रिकामी. बेलसुद्धा वाजवली नाही गं.

आईचा गुडघा कसा आहे? शेजार कसा मिळालाय, असं ती विचारेलच. तिला सांग, ताटली भरून आली. अक्रोड होते म्हणावं.

तुझीच,
झेलिहा