मूठभर तूरडाळ

६ फेब्रुवारी १९७३
रविवारी वस्तीतल्या वाचनालयाचं उद्घाटन. वाचनालय उभारणारे रुपरावजी कॉलेजात येऊन सांगून गेले – "पाचच मिनिटं बोला सर. पण लोकायच्या डोयात पानी आलं पाहिजे."
'वाचन आणि समाज' असं लिहून काढलं. आईला वाचून दाखवलं.
"चांगलं हाय," म्हणाली. "पन कोनाले समजन?"

८ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये मुकुंद देशकरांनी भाषण चाळलं. "मुद्दे काढून टाका हो. एक प्रसंग सांगा. तुमच्या लोकांकडे प्रसंगांना काय तोटा!"
मी हसलो. हसायला नको होतं.
घरी प्रसंग शोधत बसलो. आई इतवारीत धान्याच्या दुकानात डाळ निवडायची. सुटताना बायांना दारात पदर झटकून दाखवावा लागे. आई सगळ्यांत आधी झटकायची. शेठ एकदा बायांना चोट्ट्या म्हणाला, तेव्हा तीच त्याला भिडली. इतक्या वर्षांत तिच्या पदरातून दाणा पडला नाही.
यात रडण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी
प्रसंग रचून झाला. घरात उपास. आई पदर झटकते. मूठभर तूरडाळ मात्र लुगड्याच्या ओच्यात खोवलेली. ती खाऊन मी पहिलं पुस्तक वाचतो.
आरशासमोर म्हणून पाहिला. शेवटी मलाच ते खरंच घडल्यासारखं वाटलं.
आईला वाचून दाखवला नाही.

११ फेब्रुवारी
बुद्धवंदना झाली, मग मी बोललो. बाया रडल्या. रुपरावजींनी मिठी मारली.
आई पुढेच बसली होती, पांढऱ्या लुगड्यात. शेजारी सिंधूताई – त्याच दुकानात तिच्यासोबत डाळ निवडणारी. टाळ्या चालू असताना सिंधूताई आईकडे बघत होती. आई स्वतःच्या हातांकडे.
घरी येताना ती माझ्यापुढे चालली. मीही गाठलं नाही.

१२ फेब्रुवारी
जेवताना म्हटलं, "आई, भाषणात थोडं वाढवून सांगावं लागतं."
"वरन घे," म्हणाली.

१३ फेब्रुवारी
देशकरांनी विचारलं, "कसं झालं?" उत्तम झालं, म्हणालो.

१४ फेब्रुवारी
सिंधूताई आली. मी आतल्या खोलीत. बाहेर गेलो नाही.
"काहून वं कौसल्या, शेठसंग तूच त भांडली होती. मंग तुहा पोरगा खोटं बोलला का?"
आईचा आवाज आला, नेहमीचाच.
"खोटं कायले बोलन तो? आनली होती वं मी. एकडाव."