सावडीतली वही

सर, आज अकरावीच्या वर्गात तुमचंच उदाहरण दिलं. एका शेतकऱ्याकडे एकच बैल, शेजाऱ्याकडेही एकच. दोघं सावड करतात, जोडी जुंपतात, दोघांची रानं नांगरून होतात. हायड्रोजनचे दोन अणू तेच करतात. प्रत्येक जण आपला एक इलेक्ट्रॉन भागीत घालतो आणि मग ती जोडी दोघांचीही. पोरांना लगेच पटलं. मला तुमच्यासमोर बसून अजिबात पटलं नव्हतं. करमाळ्याकडच्या आमच्या गावात वडिलांचीही सावड होती, आणि आमचा बैल शेजाऱ्याकडून परत आला की ते आधी त्याच्या खांद्यावर हात फिरवून सूज बघायचे. "सर, जोडी जास्त वेळ कुणाच्या रानात असते?" मी विचारलं. तुम्ही हसत हायड्रोजनशेजारी क्लोरीन काढलात. "हितं जोडी क्लोरीनकडं ओढली जाते. तरी बंध टिकतो की." मी फक्त पहिलं वाक्य लक्षात ठेवलं.

सोलापुरात माझी राहायची सोय होईना, तेव्हा तुम्ही वडिलांना म्हणालात, "राहू दे आमच्याकडं, माझ्या मुलीला सोबत होईल." बाहेर आल्यावर वडील पुटपुटले, "फुकाट कोन ठेवून घेतंय? काय तरी असंल की." ते मी दोन वर्षं धरून बसले. ताटात दुसरी भाकरी पडली तरी मी तुमच्या मुलीच्या भाकरीवरचं तूप बघायची. तुम्ही मला शाबासकी दिलीत की वाटायचं, ही तिला टोचायला आहे.

रसायनशास्त्राची वही तुम्ही दोघींत एकच ठेवायला लावलीत. डावं पान तिचं, उजवं माझं. बारावीच्या परीक्षेआधी मला वाटायला लागलं, वही तिच्याच उशाशी जास्त असते. एका दुपारी मी ती माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली घातली आणि माहीत नाही म्हणाले. तुम्ही माळासुद्धा उपसलात. माझी ट्रंक तेवढी उघडली नाहीत. मग तिच्यावर ओरडलात, "एक वही सांभाळता येत नाही तुला?" ती रडत होती. मी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुढं तिचे मार्क रसायनशास्त्रातच गेले आणि फार्मसीची जागा हुकली. मला हवे तेवढे मार्क मिळाले. तेव्हापासून मला तुमचाच संशय येतो. ट्रंक का नाही उघडलीत? परक्या मुलीचं सामान म्हणून, की कळलं होतं म्हणून?

गेल्या आठवड्यात ती नव्या पेठेत भेटली. चहा घेताना सहज म्हणाली, "ती वही पुढं कधी सापडली का गं? बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मीच कुठं तरी ठेवली असणार, उगाच तुला बोललो." तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मी घरी येईपर्यंत तोच चेहरा तपासत राहिले. तिला मी "नाही गं" म्हणाले.

सर, वही माझ्याकडे आहे. हे तुम्हाला लिहिलं खरं, पण पाठवायला मला तुमच्या त्या घराचाच पत्ता ठाऊक आहे, आणि तिथं आता टपाल ती उघडते.