पीठ संपायच्या आत

काप्लान, लुइझियाना
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

लाडके नोएमी,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, कोंबड्याही बऱ्या आहेत, पाऊस तेवढा नाही. जूनपासून आभाळ नुसतं पांढरं. दुपारी शेताच्या टोकाला पाणी चमकताना दिसतं. नसतं गं तिथे काही. ठाऊक असूनही मी बघत बसते, आणि चुलीवरचं करपतं.

आपल्या भातशेतातल्या क्रॉफिश झिंग्यांच्या माद्या अंडी पोटाशी धरून जमिनीत खोल गेल्यात. बिळांवरची चिखलाची धुराडी वाळून दगड झालीत. संध्याकाळ झाली की तुझे पापा शेतात आडवे पडून एकेका धुराड्याला कान लावतात.

"अगं, जिवंत आहेत. कुजबुजतायत."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, म्हातारीला सांग, पाणी पाठव."

मी हसते. पण मग झोपेत त्या सगळ्या माझ्या स्वयंपाकघरातून सावकाश चालत जातात, आणि मी टेबल सरकवून त्यांना वाट देते.

लाफायेतच्या व्यापाऱ्याचे आत्तापासूनच फोन सुरू झालेत. तिप्पट भाव देतो म्हणतो, कारण गुड फ्रायडेला लोकांच्या पातेल्यात घालायला माल कुठून आणायचा? शेजारच्या बूद्रोंनी तर यंदा शेत कोरडंच ठेवलं. विहिरींचं पाणी खोल गेलंय, पंपाचं डिझेल परवडत नाही. राहिला आपला कालवा. त्यात वरून पाणी येईना, म्हणून खालून समुद्र चढायला लागलाय.

बरं, गेल्या रविवारची गंमत. गंबोच्या रश्शात माझ्याकडून दोनदा मीठ पडलं. चर्चचे फादर जेवायला होते. एक घास घेतला आणि बिचारे पाणीच पीत बसले. तुझ्या पापांनी मात्र दोन वाडगे ओरपले. वर म्हणतात कसे, "आज हात चांगला लागलाय तुझा!"

फादर हसले. मला हसू आलं नाही.

ऑगस्टमध्ये तुझ्या पापांना ताप आला होता. तुला कळवलं नाही. तुमचं दोघांचं बोलणं बंद, मी कुणाच्या तोंडाने कळवू? ताप गेला, जाताना जिभेची चव घेऊन गेला. त्यांनी मला सांगितलेलं नाही. मीही ओळखल्याचं दाखवलेलं नाही. आणि रोज सकाळी ते कालव्यावर जातात, ओंजळभर पाणी तोंडात घोळवून थुंकतात आणि म्हणतात, "गोड आहे. लावू पंप." त्यांची पाठ वळली की मी चाखते.

खारट आहे, नोएमी. डोळ्यांतल्या पाण्यासारखं खारट.

ते शेतात सोडलं तर माद्या पाणी आलं म्हणून विश्वासाने वर येतील आणि पिलांसकट मरतील. पुढच्या वर्षी भातही उगवायचं नाही. म्हणून पंपाची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवलीय. हे घरभर शोधतात आणि मांजरीला शिव्या घालतात.

मी का नाही सांगत? अगं, सारं गाव शेतात पाणी सोडण्याआधी ह्यांच्या जिभेला विचारायला यायचं. बायकोने ती जीभ मेली म्हणून सांगितलं, तर हा माणूस पुन्हा कालव्यावर पाऊल टाकायचा नाही.

पण तुझं वेगळं आहे. मागच्या वर्षी तू ते मीठ मोजायचं यंत्र आणलंस, त्यांनी ते कालव्यात भिरकावलं, तू "हेकट म्हातारा!" म्हणून दार आपटून ह्यूस्टनला गेलीस. पुढचं तुला माहीत नाही. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत त्यांनी पंपाला हात लावला नाही. ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "पोरीचं खरं असलं तर?"

तेव्हा समेट करायला येऊ नकोस. तू एवढी गोड वागलीस तर त्यांना संशय येईल. भांडायला ये. नवं यंत्र आण, कालव्यावर उभी राहून गाव गोळा होईल एवढी ओरड. ते तुझ्यावर चिडतील आणि पाऊस येईपर्यंत थांबतील. तुझ्यापुढे हरायला त्यांना आवडतं, फक्त ते कबूल करायचे नाहीत.

फोनवर हे बोलता येईना, ते शेजारीच बसलेले असतात आणि कान अजून शाबूत आहेत.

लवकर निघ. डब्यातलं पीठ रोज थोडं खाली जातंय, आणि त्यांना माझी पोळी अजूनही लागते.

वाट बघणारी,
ममा