आजीच्या गाठीतल्या पेशी

फुलंब्री,
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सायलीस, आजी चतुराबाईचा आशीर्वाद.

वि. वि. परीक्षा होईपर्यंत होस्टेलच्या बाईनं तुमचे फोन काढून घेतले, लई बरं केलं. गोकुळ रोज दूध घेऊन शहरात येतो, त्याच्या हाती हे पत्र देते. प्रौढ वर्गाला मी अडीच महिनेच गेले, तवा अक्षराला नावं ठेवू नको.

माझ्या गळ्यावरली गाठ तुला ठाऊक आहे. तुझ्या बापानं, सुदर्शननं, मला क्रांती चौकातल्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं गाठीत सुई खुपसली आणि म्हणाला, पेशी तपासायच्या आहेत. चार दिवसांनी कागद आला. सुदर्शन म्हणतो, साधी गाठ आहे. पण तवापासून तो माझ्याशी एकदा पण भांडला नाय. तुझी आई न मागता चहा आणून देते. असल्या घरात माणूस सुखानं कसं ऱ्हाईल?

कागद इंग्रजीत आहे. पेटीतून काढून सोबत धाडते. तू अकरावीला जीवशास्त्र शिकतीस. पेशीत काय काय असतं अन् माझ्या पेशीत काय बिघडलं, ते लिही. वीस तारखेला मेंढरं गंगथडीला, गोदावरीकाठी निघतील. मी त्यांच्यामागं जायचं का ऱ्हायचं, ते मला ठरवायचंय.

जेवत जा. जेवली नाय तरी मी काय बघायला येत नाय.
तुझी आजी

गारखेडा,
ता. ६ नोव्हेंबर

ती. आजीस सायलीचा सा. न.

वि. वि. पत्र मिळालं. पेशीभोवती एक पातळ पटल असतं. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय टाकायचं, ते त्याच्या हाती. आत दाटसर द्रव असतो. त्यातल्या तंतुकणिका अन्नातून ताकद काढतात, रायबोझोम प्रथिनं बनवतात, लयकारिका मोडकंतोडकं पचवून टाकतात. आणि केंद्रकात पेशीनं कसं वागायचं याच्या सगळ्या सूचना असतात.

तुझ्या कागदावर हे सगळं ठीक आहे असंच लिहिलंय. मेंढरांमागं मात्र जाऊ नकोस, आराम कर. तू खूप चांगली आहेस, आजी.

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी सायली

फुलंब्री,
ता. ९ नोव्हेंबर

चि. सायलीस आशीर्वाद.

वि. वि. सोळा वर्षांत तू मला पहिल्यांदा चांगली म्हणलीस. तिथंच मला कळलं.

पेशीचं मात्र झकास लिहिलंस. पटल म्हणजे आपली वाघर, रातच्याला मेंढरांभोवती जाळी लावतो तशी. लयकारिका म्हणजे आपली कुत्री, मेलेलं खाऊन जागा साफ करणारी. केंद्रक कोण, ते काय जमलं नाय. आपल्याकडं सांगणारे चार अन् ऐकणारं कुणीच नाय.

आता माझं ऐक. मेंढीला गाठ आली की आम्ही दाबून बघतो. बोटाखाली हलली तर तिला सोडून देतो. रुतून बसली असली तर त्याच दिवशी तिला कळपातून वेगळी बांधतो. तिला कुणी फसवत बसत नाय. माझी गाठ रुतलेली आहे, मी रोज दाबून बघते.

तुझ्या बापाची गाडी गोकुळनं होस्टेलसमोर बघितली. काय शिकवून गेला तो? खरं लिही. नायतर परीक्षेत पहिली आलीस तरी तुझा पेढा मी शेळीला घालीन.
तुझी आजी

गारखेडा,
ता. १२ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

वि. वि. मी खोटं लिहिलं. कागद पेटीत नाही, हे बाबांच्या लक्षात आलं आणि ते इथं आले. आजीला कळलं तर ती उपचार न घेता मेंढरांमागं निघून जाईल, असं म्हणाले. रडत होते.

मला एकटीला कागद पुरता कळत नव्हता, म्हणून आमच्या जीवशास्त्राच्या सुकेशनी मॅडमना दाखवला. बिघाड केंद्रकात आहे. तुझ्या गाठीतल्या पेशींची केंद्रकं मोठी झालीत, एकमेकांवर चढलीत, त्यांना खाचा पडल्यात. पेशीनं कधी थांबायचं, ही सूचनाही केंद्रकातच असते. ती बिघडली, म्हणून त्या पेशी वाढतच चालल्यात. याला कर्करोग म्हणतात. तुझा थायरॉइडचा आहे. हा बहुतेक वेळा सावकाश वाढतो आणि ऑपरेशननं बरेच जण बरे होतात, पण वेळ घालवू नये, असं मॅडम म्हणाल्या.

मला भीती वाटते. राग असू दे, पण पत्र लिही.
तुझी सायली

फुलंब्री,
ता. १६ नोव्हेंबर

चि. सायलीस आशीर्वाद.

वि. वि. कर्करोग हा शब्द तू सरळ अक्षरात लिहिलास, गिचमिड केली नाय. बरं वाटलं.

सुदर्शनला समोर बसवून सगळं सांगितलं. काल आम्ही डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर सगळं त्यालाच सांगत होता, मी म्हणजे त्याच्या हातातली पिशवी. मग मी विचारलं, केंद्रकाला खाचा किती पडल्यात. डॉक्टरनं खुर्ची माझ्याकडं वळवली. त्यानंतर तो माझ्याशीच बोलला.

एकोणीस तारखेला ऑपरेशन. मेंढरं घेऊन तुझा चुलता अजिनाथ जाईल. त्याला कोकरं कळत नायत, पण शिकेल. तू परीक्षा सोडून येऊ नको, आलीस तर दारातून माघारी धाडीन.

डॉक्टर म्हणाला, ऑपरेशननंतर कधीकधी आवाज बसतो. घरात याचं कुणाला लई दुःख झालेलं दिसलं नाय. म्हणून राहिलेलं सगळं बोलून घेते आहे. सुदर्शन सकाळपासून समोर बसलाय. एका शब्दाला उलटून बोलला नाय, आणि उठून पण गेला नाय.
तुझी आजी