शीळफाट्याचा कोंबडा

चि. सौ. हेमालीस,

मोठी जाऊ म्हणून द्यावेच लागतात ते आशीर्वाद.

तुझा कोंबडा येऊन दोन महिने झाले. भावोजींनी तो शीळफाट्याहून आमच्या कल्याणपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आणला. बाळंतपणानंतर मला घरी आणताना कुणी इतकं जपलं नव्हतं.

माझी पिल्लं अशक्त निघत होती. कुणाचा पाय वाकडा, कुणाला उभंच राहता येईना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वर्षानुवर्षं तोच कोंबडा आणि त्याच्याच लेकी. वाण बिघडणार नाही तर काय? हेमालीकडून नर आण. तिची पारख बघ जरा." ती पारख नवरा निवडताना कुठे गेली होती, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण तो त्यांचाच मुलगा. मी एवढंच म्हटलं, "कोंबड्या विकून टाकीन, तिच्या दारात मागायला जाणार नाही."

आणि तू न मागताच पाठवलास. निदान मागायला तरी लावायचंस गं. नाक मुरडायची सोयच ठेवली नाहीस.

आता पिल्लं धडधाकट निघाली आहेत आणि तुझ्या कोंबड्यासारखी मान ताठ करून अंगणभर फिरतात. सासूबाई म्हणतात, "हेमालीला फोन कर." मी म्हटलं, पत्र लिहिते.

काल शेजारच्या मनुबाईंनी विचारलं, "एवढी दणकट पिल्लं कुठून आणलीस?" मी म्हटलं, "घरचीच आहेत." तुझं नाव काही तोंडातून निघेना, म्हणून इथे लिहिलं. पाठवणार मात्र नाही.

तुझी जाऊ,
रतन