ट्रे ओके आहे

१२ फेब्रुवारी

गेली एकदाची! सकाळच्या गाडीत बसवून आलो.

जायलाच हवं होतं. जावई जहाजावर, मुलीला सहावा महिना, पायांवर सूज, आणि नोकरी चालूच. रजा म्हणे मार्चपासून. मीच म्हणत होतो, जा, जा. तरी स्टेशनवर हिचं एकच पालुपद — "बीपी रोज मोजायचं. संध्याकाळी मला आकडा सांगायचा. डॉक्टर काय म्हणालेत, लक्षात आहे ना? एकशे साठच्या वर गेलं, की मी लग्गेच परत." हमालसुद्धा वळून बघायला लागला!

दुसरी कटकट स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून गेली आहे. काळा प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात वाट्यांसारखे खळगे, खळग्यांत माती. डावीकडे टोमॅटो, उजवीकडे ढोबळी मिरची. "कालच पेरलंय. बाहेर अजून गारठा आहे, तोवर घरातच वाढवायचं. मग परसात लावू." लावू म्हणजे मी लावीन. ढोबळी मिरची तर मी खातही नाही.

१३ फेब्रुवारी

ट्रेला पाणी. ओतायचं नाही, फवारायचं. तेही धुक्यासारखं! मी काय न्हावी आहे?

सकाळी ट्रे खिडकीत, संध्याकाळी फ्रिजच्या डोक्यावर. तिथे ऊब असते म्हणे. साठी उलटलेला माणूस मातीचा ट्रे कडेवर घेऊन घरभर फिरतो आहे. पोरीला लहानपणी इतकं फिरवलं नव्हतं, हे हिने ऐकवायच्या आधी मीच लिहून टाकतो.

संध्याकाळी फोन. "बीपी?" "एकशे तीस, ऐंशी." "पिशवीतून मशीन काढून मोजलंत ना?" पिशवीतून नाही तर काय झाडावरून काढणार!

मोजलं नव्हतं. कपाट उघडा, निळी पिशवी शोधा, पट्टा गुंडाळा, तो फुगेपर्यंत ठोंब्यासारखे बसा. कशाला? मला माझी तब्येत आतून कळते.

१५ फेब्रुवारी

मोबाइलवर एक दाढीवाला बागकाम शिकवतो. त्याची दाढीच इतकी वाढलीय की त्यात मुळा सहज येईल. म्हणतो, "मित्रांनो, रोज ट्रेची तपासणी करा."

मला सांगतो! पंपांच्या कारखान्यात आख्खी नोकरी तपासणी खात्यात काढली मी. शेवटी खातेप्रमुख झालो. हाताखालची मंडळी न बघताच 'ओके'चा शिक्का हाणायची, आणि मला बसल्या जागी कळायचं. कसं? मालात मी मुद्दाम एक खराब नग सोडून द्यायचो. बारीक तडा गेलेला, माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नसलेला. तो नग 'ओके' होऊन परत आला, की समजायचं — या गड्याने बाकीचा मालही बघितलेला नाही. मग बोलवायचं केबिनमध्ये. काय चेहरे व्हायचे एकेकाचे!

हे हिला हज्जारदा सांगितलंय. दर वेळी जांभई. तांत्रिक गोष्टींत हिला गती नाही, त्याला मी तरी काय करणार.

बीपी १३०/८०. ट्रेमध्ये काही नाही.

१७ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

दाढीवाल्याच्या हिशेबाने टोमॅटोने आत्तापर्यंत डोकं वर काढायला हवं. आमच्याकडे डोकं वर काढलंय ते फक्त एका माशीने.

आता टेबललॅम्पही आणून लावला ट्रेवर. मी वर्तमानपत्र खिडकीशी उभं राहून वाचतो, आणि माती दिव्याखाली ऐसपैस पसरलेली! फवारणं चालूच. एकदा कंटाळून सरळ पेल्याने ओतलं. कळणारेय कुणाला?

फोनवर ही — "डोकावलं का काही?" म्हणालो, "डोकावेल. घाई काय आहे? माणसालासुद्धा नऊ महिने लागतात." मागून मुलगी हसली. पोरगी हसली की बरं वाटतं. आवाज दमलेला होता तिचा.

२० फेब्रुवारी

ट्रे उतरवायला फ्रिजशी गेलो, हात वर केले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. फ्रिजला मिठी मारून उभा राहिलो. थोड्या वेळाने उतरली. सकाळी चहाबरोबर काही खाल्लं नव्हतं, त्याचं असणार.

दुपारी दात कोरायच्या काडीने एक खळगा उकरून बघितला. मग दुसरा. मग ट्रेचा एक कोपराच. बी नाही! एवढंसं तर बी टोमॅटोचं, कुजून मातीत मिसळलं असणार. तो पेला भोवला. माती होती तशी थापटून बसवली आणि हात धुतले.

बीपी १३०/८०.

२२ फेब्रुवारी

खिडकीपलीकडे शेजारच्या बाईंचा ट्रे दिसतो. हिरवागार. बाई त्याच्याशी बोलतात. आपण माणसांशी बोलावं, तर यांना वेळ नसतो.

मीही आज आमच्या ट्रेशी बोललो. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

२४ फेब्रुवारी

सांगून टाकलं — उगवलं!

काय करणार? मुलीच्या पायांची सूज वाढलीय. ही दिवसभर तिच्या उशापायथ्याशी. आवाज असा की विहिरीतून येतोय. अशा बाईला सांगू, की तुझा ट्रे मी बुडवून मारला? मूग गिळून बसायचा विचार होता, पण तिने "आज तरी?" असं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे हातातलं भांडं ठेवल्याचा आवाज. मग म्हणाली, "काय उगवलं? टोमॅटो?"

"दोन्ही."

"मिरचीसुद्धा?"

"सगळ्या खळग्यांतून."

सगळ्या म्हणायला नको होतं. "अगं बाई," एवढंच म्हणाली. आनंदाने वाचा बसली बिचारीची. मग बीपी विचारलं. मी सांगितलं. तर म्हणते, "हेही तसंच का?" तसंच म्हणजे कसं? मी म्हणालो, "हो, तेही उत्तम."

२५ फेब्रुवारी

फोटो पाठवा म्हणते!

२६ फेब्रुवारी

नर्सरीत गेलो. तिथल्या बाईंना म्हणालो, अगदी तान्ही रोपं हवीत, नुकती उगवलेली. त्यांनी मला खालून वर बघितलं. "बायको बाहेरगावी गेलीय का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर वर्षी या दिवसांत येतात तुमच्यासारखे. कालच एकजण येऊन गेला. तो तर रडकुंडीला आला होता."

मी काही रडकुंडीला आलो नव्हतो. नुकती उगवलेली मिळालीच नाहीत, जरा मोठी मिळाली. घरी आणून एकेक खळग्यात खोचली. चष्मा लावून, ओळीत, कारखान्यात पंप मांडायचो तशी. मग खिडकीतल्या उजेडात फोटो काढला. शेजारच्या बाईंनी बघितलं. बघू देत.

संध्याकाळी फोन. "वा! परवा उगवली आणि आज चार-चार पानं?"

"निगा लागते," मी म्हणालो. "शिस्त लागते."

"बीपी?"

"एकशे तीस, ऐंशी."

"पहिल्या दिवसापासून तेच?"

"मी सातत्याचा माणूस आहे."

"हं," म्हणाली. कौतुक करायची पद्धत बघा! मागे मुलगी काहीतरी विचारत होती, तर हिने "थांब गं, आधी ते करते" म्हणून फोन ठेवलाच. माणूस इथे एकटा मरमर करतोय आणि बक्षीस काय, तर हं.

२७ फेब्रुवारी

रोपांनी माना टाकल्या. मिरचीतली दोन आडवी. काड्यांच्या कुबड्या दिल्या. खिडकीत आता हाडांचा दवाखाना.

आज हिने ट्रेबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी आपणहून म्हणालो, ट्रे ओके आहे. तर "ठाऊक आहे" म्हणाली.

२८ फेब्रुवारी

पुन्हा अंधारी. या वेळी अंघोळीच्या वेळी. नळाला धरून खाली बसलो. बराच वेळ उठवेना. मानेमागे ठणका.

आज घाबरलो. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

पण सांगणार नाही. सांगितलं की ही मिळेल त्या गाडीने निघेल, आणि पोरगी एकटी पडेल. त्या सुजल्या पायांनी जिने उतरून दूध-भाजी आणायला कोण जाणार? तिला आत्ता आई हवी आहे. मला काय, होईल कमी आपोआप. माझ्यापायी पोरीचे हाल व्हायचे नाहीत. बस.

बीपी सांगितलं — १३०/८०.

१ मार्च

सकाळी ट्रे उचलला आणि पडलो. ट्रे आधी, मग मी. काही मोडलं नाही. माती सगळीकडे, रोपं अंगावर. जमिनीवरून स्वयंपाकघर फार मोठं दिसतं. हाक मारायला घरात कोणी नाही, हे तोंड उघडल्यावर लक्षात आलं.

उठता आलं तेव्हा कपाटाकडे गेलो. म्हटलं, आता मोजावंच. निळी पिशवी काढली, चेन उघडली.

आत मशीन. आणि मशीनवर दोन पाकिटं. टोमॅटो. ढोबळी मिरची. दोन्ही न फोडलेली, हलवली की आत बी वाजतंय.

पलंगावर बसून बघत राहिलो.

हिने काही पेरलंच नव्हतं! नुसती माती थापून ट्रे माझ्या गळ्यात मारला. बारा तारखेपासून मी मातीला पाणी पाजतोय! मातीला दिवा! मातीला कडेवर घेऊन फिरलो! नवऱ्याला असं वेड्यात काढायचं? डोक्यात तिडीक गेली. फोन उचलला. आता चांगली झाडतो म्हटलं.

आणि काय म्हणणार? की रिकाम्या ट्रेत तू काही पेरलं नव्हतंस, आणि तरी ते उगवलंय असं मी तुला सांगत होतो?

फोन खाली ठेवला.

मग एकेक उलगडत गेलं. पाकिटं या पिशवीत का? कारण पहिल्या संध्याकाळी मी खरोखर मशीन काढलं असतं, तर तेव्हाच सापडली असती आणि मी आरडाओरडा केला असता. मी केला नाही. म्हणून ती रोज विचारायची, पिशवीतून काढलंत ना. तरी तिने शंकेला थोडी जागा ठेवली — मशीन काढलंही असेल, पाकिटं बघितली नसतील म्हातारबाबांनी. मग ट्रे.

खराब नग. मालात सोडून दिलेला, तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नसलेला. तो मी 'ओके' करून पाठवला. सगळ्या खळग्यांतून. चार-चार पानांचा फोटो काढून.

म्हणजे ती जांभया देत होती आणि ऐकत होती.

पट्टा गुंडाळला. ठोंब्यासारखा बसलो. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा. मशीन बिघडलंय म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. मशीन बिघडलेलं नाही.

संध्याकाळी फोनची वाट बघितली. आलाच नाही. मी केला, तर लागेना. मुलीचाही लागेना. माती तशीच पडलीय, वाकायची भीती वाटते.

२ मार्च

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. नर्स पट्टा बांधायला येतेच आहे, आणि तिला हाच हात हवाय.

सकाळी उठल्या उठल्या फोन लावला, तो लागला. हिने विचारलं, "काय म्हणतो ट्रे?"

"काहीही उगवलेलं नाही," मी म्हणालो.

 तिच्या मागे गाडीचा हॉर्न वाजला. मग नाक ओढल्याचा आवाज.

"आता मशीनवरचा सांगा."

सांगितला. खरा. वर-खाली दोन्ही.

"हा ओके," ती म्हणाली. "चार पानं बघितली त्याच दिवशी तिकिटं काढली मी. पोरीची रजा कालपासून लागली. चपला घाला आणि फाटकाशी या, टॅक्सीत आम्ही दोघी बसलोय."